धुळवडीचा घाम

धुळवडीला दुपारी बाराच्या आत रस्सा ताटात पडला नाही, तर सण बाटला असं आमचे आप्पा मानतात. देवगाव रंगारीत त्यांच्यासारखे पुष्कळ. अशा घरात ऑस्टिनहून आलेल्या भाच्यानं बोकडाची अख्खी मांडी सहा तास धुरावर ठेवायचं काढलं, तेव्हा आप्पांनी त्याच्याकडे मुहूर्त टळल्यावरही पारावरच बसून राहिलेल्या नवरदेवाकडे बघावं तसं बघितलं.

कुरकुर सरपणापासूनच सुरू झाली. धूर हवा म्हणून भाच्यानं ओली बाभूळ आणली, तर मळ्यात असा पांढरा लोट उठला की शेजारचा गडी गंजी पेटली का म्हणून विचारायला आला. ओल्या लाकडाचा धूर मांस कडू करतो. धुरकटलेलं दूध प्यालेल्याला हे सांगावं लागत नाही. पऱ्हाट्यांचंही खरं नाही. त्या काही पाहुण्यांसारख्या भसकन येतात, तोंड भाजतात आणि निघून जातात. शेवटी आप्पांनी वाळकी बाभूळ पेटवली, निखाऱ्यांवर राखेची साय धरू दिली आणि अर्ध्या कापलेल्या पिंपात विस्तव एका अंगाला, मांडी दुसऱ्या अंगाला ठेवली. चरबी निखाऱ्यावर टपकली की भडका उडतो आणि मांस वरून कोळसा, आतून कच्चं राहतं. माझी पहिली कोंबडी याच वाटेनं गेली. तिच्याबद्दल घरात अजून बोललं जात नाही. चोळायला आलं मात्र मळ्यातलंच. कन्नड तालुक्यात आल्याला तोटा नाही, आणि चिवट मांस मऊ करण्याचा गुण त्याच्या अंगातच असतो. १२व्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजानं ‘मानसोल्लासा’त विस्तवावर भाजलेल्या मांसाचं कौतुकानं वर्णन केलंय. राजाला धूर कोणी फुंकून दिला, ते मात्र लिहिलेलं नाही.

दुपारी तीनला भाच्याचा तापमापक सत्तर अंशांवर अडला. चार वाजले, तरी सत्तरच. विस्तव ठणठणीत, आणि मांडी कोर्टातल्या तारखेसारखी जागची हलेना. “आप्पा, याला तिकडं स्टॉल म्हणतात,” भाचा म्हणाला. “मांसाला घाम सुटतो. तो वाळताना विस्तवानं दिलेली ऊब घेऊन जातो. जेवढी आत येते तेवढीच बाहेर.”

आप्पांनी बाजेवरूनच खोपीच्या कोपऱ्याकडे मान वळवली. तिथं काकूचा माठ होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, पाझरत. “मग हे आमचं माठाचंच की रे.”

खरंच होतं. फाल्गुनाच्या उन्हात ज्या घामानं पाणी गार राहतं, त्याच घामानं मटण शिजायचं थांबलं होतं. भाच्यानं तिकडे असं मांस कागदात गुंडाळून घाम कोंडतात असं सांगितल्यावर आप्पांनी लग्नातल्या उरलेल्या पळसाच्या पत्रावळी काढल्या, पाण्यात बुडवल्या आणि मांडीला दुहेरी बांधल्या. माठाला पांघरूण गारव्यासाठी, मटणाला उबेसाठी. काकू असती तर या उलट्या न्यायावर तासभर हसली असती.

मग बसून राहण्यापलीकडे काम उरलं नाही. वारा फिरला तसा धूर आमच्यामागे बाजेभोवती फिरत राहिला. धूर चांगल्या माणसाला हुंगत येतो, असं काकू म्हणायची, आणि चुलीपुढून डोळे पुसत उठायची.

दिवस कलल्यावर आप्पा उठले. वाळत आलेला फडका त्यांनी पुन्हा भिजवला, माठाला नीट गुंडाळला आणि त्यावर तळवा टेकवून तसेच उभे राहिले.

“आप्पा, झालं का?” भाच्यानं पिंपापाशी वाकून विचारलं.

“नाही अजून,” ते म्हणाले.