परतीचा वायदा

मे-जूनमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकी वकिलातीसमोर जरा वेळ उभं राहिलं, की महाराष्ट्राच्या भवितव्याची काळजीच मिटते. फायली छातीशी धरलेली पोरं एकामागून एक आत जातात आणि खिडकीपलीकडच्या साहेबाला बेधडक सांगतात, एमएस झालं की परत येणार. एवढे कॉम्प्युटर इंजिनिअर खरोखरच परतणार असतील, तर सरकारने हिंजवडीचे रस्ते आत्ताच रुंद करायला घ्यावेत. पुन्हा येण्याची घोषणा आपल्या विधानसभेतही २०१९मध्ये झाली होती, आणि ती खरीसुद्धा ठरली. पण ते मुंबईतल्या मुंबईत होतं, व्हिसा लागत नव्हता.

पोरांचा दोष नाही. अमेरिकेच्या कायद्यात २१४ (ब) नावाचं कलम आहे. शिकायला म्हणून आलेला हा मुलगा कायमचं बस्तान बसवायलाच निघालाय, असं अधिकाऱ्याने धरून चालायचं. तसं नाही हे पटवायची जबाबदारी मुलाची.

माझ्या भाच्याने पटवलं. कन्सल्टन्सीच्या सरांनी सातबारा न्यायला सांगितला. गावाकडच्या त्या सव्वा एकरावर चार चुलत्यांची नावं, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि भाच्याला आपला बांध कुठला हेही ठाऊक नाही. पण मातीची ओढ कागदावर होती. सोबत सीएचं प्रमाणपत्र: फ्लॅट, पीएफ, ताईचं सोनं, सगळ्याची बेरीज डॉलरमध्ये. शिफारसपत्राचं विचारलं तर कॉलेजातले सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो." भाच्याने स्वतःची इतकी तारीफ लिहिली, की सरांनी एक वाक्य काढायला लावलं. तेही पानात मावत नव्हतं म्हणून.

गंमत अशी, की हीच फाइल त्याआधी बँकेत फिरून आली होती. पंचेचाळीस लाखांचं कर्ज. मॅनेजरने विचारलं, "फेडणार कसं?" भाऊजी म्हणाले, "डॉलरमध्ये कमावेल की!" फ्रेशरच्या साडेतीन लाखांच्या पॅकेजवर एवढं फेडायचं तर नातवाला जामीन ठेवावं लागेल, हे मॅनेजरलाही कळतं. तेव्हा पोरगा परतणार नाही म्हणून कर्ज, आणि परतणार म्हणून व्हिसा. दोन्ही मंजूर.

तिकडे अभ्यास होतो तो बहुतेक कॅलेंडरचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग स्टेमच्या यादीत असल्याने पदवीनंतर १२ अधिक २४ महिने नोकरीची मुभा मिळते. पहिल्या १२ महिन्यांत बेकार राहायला मात्र एकूण ९० दिवसच. आपल्याकडे इंजिनिअरने किती दिवस बेकार राहावं यावर कुठल्याच सरकारने कधी मर्यादा घातली नाही, हे उगाच विसरू नये. मग नोकरीच्या एच-वन व्हिसाची सोडत. वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० तिथे मास्टर्स केलेल्यांना. म्हाडाची सोडत हुकली तर माणूस निदान भाड्याने तरी राहतो.

सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी एच-वनच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क बसवलं. महिन्याभराने खुलासा आला, की अमेरिकेत शिकणाऱ्याने तिथल्या तिथे व्हिसाचा प्रकार बदलून घेतला तर हे शुल्क नाही. बाहेर असलेल्यासाठी आहे. म्हणजे वकिलातीच्या खिडकीत दिलेला शब्द पाळून जो घरी आला, त्याला पुन्हा बोलवायचं तर लाख डॉलर. ज्याने शब्द मोडला त्याला सूट. त्या खिडकीतल्या साहेबाला हे कुणी कळवलंय की नाही, देव जाणे.

भाचा सध्या टेक्सासात आहे. ९० पैकी बरेच दिवस सरलेत. ताईने दरम्यान विवाह मंडळात नाव नोंदवून बायोडेटात 'यूएस सेटल्ड' लिहूनही टाकलं. परवा एका स्थळाचा फोन आला. घराणं कसं खानदानी, हे सांगताना ताईने गावच्या जमिनीचा विषय काढला. मुलीचे वडील म्हणाले, "सातबारा राहू द्या हो ताई, एच-वनचं काय झालं?"