पंचवार्षिक इंजिन

दिल्लीतला नियोजन आयोग गुंडाळला गेला आणि २०१५ साली त्याच्या जागी नीती आयोग आला. कोल्हापुरात आमच्या गल्लीतला नियोजन आयोग मात्र अजून पूर्ण ताकदीनं काम करतो आहे. त्याला सगळे बापू म्हणतात. बापूंकडे वडिलांच्या वेळची १९७५ सालची फियाट आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण कुर्ल्याच्या कारखान्यानं नाव बदललं ही बातमी आमच्याकडे कुणी फारशी मनावर घेतली नाही. तर या फियाटचं इंजिन बापूंना बदलायचं आहे. कमी पैशात.

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. पैसे ओतून जुनी गाडी चकचकीत करणारे लोक वेगळे; त्यांच्या गाड्या रॅलीत जातात, त्यांना कुणीतरी पाहुणा झेंडा दाखवतो. बापू त्या जातीचे नव्हेत. ते गाडी विकत नाहीत, कारण ती वडिलांची. आणि तिच्यावर खर्च करत नाहीत, कारण खर्च न करणं हेही वडिलांकडूनच आलेलं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, आणि तेव्हाच पर्यावरण कराचा चिमटाही बसतो. त्यामुळे बापूंच्या योजना आपोआप पंचवार्षिक झाल्या. पासिंगची तारीख जवळ आली की गाडी धूर मारते हे त्यांना आठवतं. पन्हाळ्याच्या चढाला पाणी उकळतं, उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय ती हलत नाही, हेही आठवतं. मग खतावणी निघते आणि योजना जाहीर होते. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, तेव्हा तर बापूंनी दोन योजना एकदम जाहीर केल्या.

पहिली योजना डिझेलची. त्या काळी पेट्रोल-डिझेलच्या भावात घसघशीत अंतर होतं, आणि आकुर्डीच्या मॅटाडोरचं मर्सिडीजच्या रचनेचं इंजिन जीपमध्ये, अॅम्बॅसॅडरमध्ये बसवून फिरणारे लोक होते. ‘फियाटमध्ये मर्सिडीज’ हे बापूंना ऐकायलाच इतकं गोड वाटलं, की ते इंजिन उचलायला किती माणसं लागतात हे बघायचं राहूनच गेलं. पुढं इसुझूची योजना आली. कॉन्टेसा भंगारात निघू लागल्या होत्या, १८१७ सीसीचं इंजिन स्वस्तात मिळत होतं. मूळ फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसएक अश्वशक्तीचं. या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत हे कुणीतरी लक्षात आणून दिलं. बापू म्हणाले, “पळायचं बघू आधी, थांबायचं नंतर.” तरी ती योजना मागे पडली.

ऑम्नीची योजना मला स्वतःला सगळ्यात आवडते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पदरचे पैसे घालून गाडीची ताकद कमी करणारी ही एकमेव योजना असेल. अॅव्हरेज वाढेल, असा तिचा युक्तिवाद होता. ऑम्नीचं इंजिन उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, फियाटचंही तसंच, हा बापूंचा शोध मात्र खरा होता आणि तो त्यांनी प्रत्यक्ष संशोधनातून लावला होता. त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी असते. लग्नात बापू मांडवात दिसले नाहीत तर पार्किंगमध्ये बघावं, कुणाच्या तरी गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. स्मशानात शववाहिकेखाली वाकून “ही ऑम्नीच ना?” असं ड्रायव्हरला विचारताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे. माणूस गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं असं नाही, पण गाडी उभी होती आणि पट्टी खिशात होती.

बापूंचा एकमेव विरोधी पक्ष म्हणजे शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री. उद्यमनगर हे गाव एक वेगळंच आहे. तिथं लेथवर काय होत नाही? शाफ्ट, गिअर, बुश, कधीच बंद पडलेल्या मशीनचा सुटा भाग, नुसता तुकडा दाखवला तरी दुसऱ्या दिवशी जोडीदार तयार. ज्याच्या ओळखीत एक लेथवाला आणि एक वेल्डर आहे, त्या कोल्हापूरकराला जगात अशक्य असं काही वाटत नाही, आणि बापूंच्या ओळखीत दोन लेथवाले आहेत. मिस्त्री मात्र प्रत्येक योजनेला एकच उत्तर देतात.

“बापू, कशाला नादाला लागताय? बोअर मारूया, नवी पिस्टन-रिंग टाकूया, हेडचं काम करूया. अजून धा वर्सं वडत न्हाई का बघा.”

“किती होतील?”

“पंचवीस-तीस हजार.”

“तेवढ्यात दुसरं इंजिन येतंय की!”

इथं चर्चा संपते. बापूंच्या जातीच्या माणसाला हा हिशेब कधीच समजावता येत नाही. जुन्या वस्तूवर खर्च केलेला रुपया त्याला गेलेला वाटतो आणि नव्या वस्तूवर घातलेला रुपया बचत वाटतो, मग ती नवी वस्तू भंगाराच्या दुकानातून का आलेली असेना.

स्विफ्टच्या डिझेल इंजिनाच्या वेळी तर बापूंचा आवाज चढला होता. १२४८ सीसीचं ते इंजिन मूळचं फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं. म्हणजे मारुतीच्या गाडीतून काढलेलं, पण रक्ताचं नातं फियाटशी! मिस्त्रींनी बिडी विझवली.

“ते आडवं बसतंय. पुढची चाकं वडतंय. तुमची गाडी मागनं ढकलती. इंजिन आडवं घालून गाडी काय गल्लीत आडवी चालवणार हाय?”

बापूंनी हाच रक्ताच्या नात्याचा मुद्दा आरटीओबाहेरच्या एजंटापुढेही मांडला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन बदलून टाकणं ही गोष्ट वेगळी. “मग बनावट एकच की हो, इथं फियाट, तिथं पण फियाट,” बापू म्हणाले. एजंटानं चहा मागवला. एजंट जेव्हा स्वतःच्या पैशानं चहा मागवतो तेव्हा काम होणार नाही असं समजावं. भंगारवाल्याकडं इंजिनाचं बिल मागितलं तर त्यानं विचारलं, “बिलासकट पाहिजे? मग रेट वेगळा.” आता बिलाशिवायचं इंजिन कुणाच्या गाडीतून निघालं हे देव जाणे, आणि पोलिसांनाही कधी ना कधी कळतं.

त्यात २०२१च्या नियमांनी घोळ वाढवला. पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. बापूंची गाडी २०२५ साली पन्नास वर्षांची झाली. म्हणजे इंजिन बदललं तर व्हिंटेज गेलं, आणि व्हिंटेज केलं तर वीस हजार नोंदणी फी भरून गाडी फक्त प्रदर्शन-रॅलीला न्यायची, रोज मंडईला नाही. बापूंनी तोडगा काढला: इंजिन बदलायचं, पण जुनं पलंगाखाली जपून ठेवायचं. वहिनींनी पलंगाखालचं गव्हाचं पिंप कुठं जाणार एवढंच विचारलं. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलनं जुने रबरी पाइप खराब होतात हे कळल्यावर तर बापू आठवडाभर हळहळत होते. आपल्याच शेतातला ऊस, आपल्याच कारखान्याचं इथेनॉल, आणि खातंय आपल्याच फियाटचे पाइप.

शेवटी इकोची योजना आली आणि ही खरंच चांगली होती. ११९६ सीसी, सत्तरएक अश्वशक्ती, इंजिन उभं, मागची चाकं चालवणारं. मिस्त्रीसुद्धा काही बोलले नाहीत. खतावणीत नोंद झाली: इंजिन चाळीस हजार, मजुरी दहा हजार, किरकोळ पाच हजार.

या ‘किरकोळ’मध्ये बापूंचा सगळा स्वभाव आहे. इकोचं इंजिन फियाटच्या गिअरबॉक्सला जुळवायला मध्ये जाडजूड प्लेट लेथवर करून घ्यावी लागणार, ती किरकोळात. नाहीतर गिअरबॉक्सही इकोचाच घ्यायचा. मग प्रॉपलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचा, नाहीतर साठच्या पुढं दात वाजतात. किरकोळ. नवीन माउंटिंग, खालचा सम्प क्रॉसमेंबरला अडतो म्हणून त्याची कापाकापी, मोठा रेडिएटर, टाकीत इलेक्ट्रिक पंप. इंजेक्शनचं इंजिन म्हणून ईसीएम आणि ती पिशवीभर वायरिंग, जिच्यातली एक वायर चुकली तर गाडी रुसते आणि कारण सांगत नाही. स्पीडोमीटरची केबल जुळत नाही, तेही किरकोळ. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून पुढच्या सलग सीटवर तीन माणसं बसतात. इकोचा दांडा खालून येणार. मध्ये बसणाऱ्या आत्याबाईंचं काय करायचं, याची तरतूद बापूंनी केली नव्हती. आणि सत्तर अश्वशक्ती थांबवायला चांगले ब्रेक. ते किरकोळाच्या तळाशी, पेन्सिलीनं.

हा सगळा किरकोळ वेगवेगळा घेण्यापेक्षा मागून ठोकलेली अख्खी इको घेतली तर स्वस्त पडते, असा निष्कर्ष बापूंनी काढला. दुर्दैव असं की तो बरोबर होता. इको आली. तिचं बिल होतं, कागद होते. फियाटचं इंजिन उतरवून मिस्त्रींच्या शेडमध्ये ठेवलं. इकोचं इंजिन काढायला मुहूर्त मिळेपर्यंत तिचं मागचं दार ठोकून सरळ केलं, आत पाऊस जाऊ नये म्हणून.

दार सरळ झाल्यावर वहिनींनी बचत गटाचे पापड आणि चटणीचे डबे त्यातून राजारामपुरीत नेऊन दिले. मग इचलकरंजीला. स्टिअरिंगच्या दांड्याशी झटापट करत गिअर टाकायला त्या कधी शिकल्या नव्हत्या, इको त्यांना पहिल्याच दिवशी आली. दर सोमवारी बापू मुहूर्ताचं बोलायचे आणि दर सोमवारी गाडी बाहेर गेलेली असायची. एका संध्याकाळी ते मिस्त्रींना घेऊनच दारात उभे राहिले. वहिनी गाडीतच होत्या, गटातल्या दोघीजणी मागं पापडांबरोबर.

“अगं, इंजिन काढायचंय.”

“कुठं असतं ते?”

“तुझ्या सीटखाली.”

“मग मी उठले की काढा,” म्हणून त्यांनी गाडी चालू केली.

मिस्त्री काही बोलले नाहीत. शेडमध्ये परत जाऊन त्यांनी फियाटचा ब्लॉक बोअरिंगला पाठवला. नवी पिस्टन-रिंग आली, हेडचं काम झालं, इंजिन होतं तिथं परत बसलं. बिल झालं अठ्ठावीस हजार. पन्हाळ्याचा चढ गाडीनं पाणी न उकळता काढला. बापूंनी खतावणी उघडून इंजिनाच्या रकान्यात तेवढीच रक्कम टिपली, खाली बेरीज मारली आणि पुढं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अंदाजपत्रकापेक्षा बारा हजार कमी’.

“आणि इको?” मी विचारलं.

“ती किरकोळात,” बापू म्हणाले.