सदर इसम तोच असल्याबाबत

मनुष्य नश्वर आहे आणि कागद शाश्वत आहे, या सिद्धांतावर ज्या राज्यव्यवस्थेची उभारणी झाली, तिच्या दृष्टीने खिडकीपुढे घाम पुसत उभा असलेला नागरिक हा फायलीतल्या अस्सल नागरिकाची केवळ एक नक्कल असतो, आणि नकलेवर विश्वास ठेवण्यापूर्वी तिची अस्सलाशी रुजुवात करून घेणे हा कारकुनाचा धर्म ठरतो. सामान्य इसमाच्या बाबतीत ही रुजुवात विनासायास होते, कारण जन्मतः पदरात पडलेले नाव आणि लिंग त्याने निमूटपणे वागवलेले असते. परंतु जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टरने एका दृष्टिक्षेपात जे ठरवले ते आपण नव्हे, असा निश्चय एखाद्या नागरिकाने विचारांती केला आणि कायद्याचा आधार घेऊन नाव व लिंग ही दोन्ही बदलून घेतली, म्हणजे दफ्तरापुढे मोठा तात्त्विक पेच उभा राहतो. या पेचात अर्जदाराची कैफियत मांडणारे पुष्कळ आहेत; दफ्तराची वकिली करणारा मात्र कोणी नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम कायदा पाहू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात असा निर्णय दिला की आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदेशीर आहे. पुढे २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी कायदा केला, त्यातही हा आत्मनिर्णय शब्दशः मान्य झाला. मात्र तो झाला असल्याचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावे, अशी तजवीज त्याच्या शेजारीच करण्यात आली. स्वतःला ओळखण्याचा अधिकार अर्जदाराचा, आणि त्याने स्वतःला ओळखले आहे हे ओळखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, अशी ही समतोल वाटणी होय. आत्मज्ञानासाठी आपल्या ऋषिमुनींनी तपेच्या तपे वेचली असे पुराणे सांगतात. २०२० च्या नियमांनी त्यासाठी तीस दिवसांची मुदत ठरवली, याबद्दल शासनाचे अभिनंदन करणे क्रमप्राप्त आहे. ज्यांना स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी, त्यांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणावा, असे त्याच कायद्याच्या सातव्या कलमाने सांगितले. न्यायालयाने जो आग्रह बेकायदेशीर ठरवला होता, तो पाच वर्षांनी असा कायदेशीर होऊन परतला.

एवढे झाल्यावर प्रकरण संपावे, अशी नियम करणाऱ्यांची प्रामाणिक समजूत असावी. कारण प्रमाणपत्र हाती आल्यावर जन्माचा दाखला, आधार, पारपत्र, शिधापत्रिका इत्यादी सर्व कागद ज्या त्या कार्यालयाने अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत बदलून द्यावेत, आणि बदललेल्या कागदावर पूर्वीचाच क्रमांक कायम ठेवावा, असे त्यांनी लिहून ठेवले. यातला दुसरा भाग विशेष मननीय आहे. देह नाशवंत आणि आत्मा अविनाशी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. नाव बदलते, छायाचित्र बदलते, लिंगही बदलते, पण अनुक्रमांकाला शस्त्र छेदू शकत नाही आणि अग्नी जाळू शकत नाही, हे अद्वैत शासनाने प्रथमच नियमबद्ध केले.

अर्जदाराच्या यात्रेचा आरंभ प्रतिज्ञापत्राने होतो. शासकीय कार्यालयांत दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ सालीच माफ केलेले आहे. परंतु ही वार्ता पुष्कळशा खिडक्यांपर्यंत अद्याप पोहोचावयाची असल्यामुळे ‘स्टँपपेपरवर करून आणा’ ही आज्ञा पूर्ववत चालू आहे. पुढे राजपत्र. जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र कायद्याने पुरेसे असले तरी ‘गॅझेट कुठे आहे?’ हा प्रश्न टळत नाही, कारण ज्या नियतकालिकाला वाचक असल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही, त्यात जुने नाव आणि नवे नाव शेजारी-शेजारी छापून आल्याखेरीज ते जगजाहीर झाले असे मानण्यास दफ्तर तयार नसते. राजपत्रासाठी ओळखीचा पुरावा लागतो, तो आधारचा. आधार बदलण्यासाठी पुरावा लागतो, तो राजपत्राचा. बँकेला दोन्ही लागतात, पण तिच्या मते सही जुनी हवी. या वर्तुळाला आरंभ नाही व अंतही नाही, आणि ज्याला आरंभ व अंत नाही त्याला आपल्या परंपरेत ब्रह्म म्हणतात.

आधारच्या यंत्रणेने नाव आयुष्यात सामान्यतः दोनदा आणि लिंग एकदाच बदलण्याची मुभा ठेवली आहे. नोंदणी केंद्रावरच्या उमेदवाराने घाईघाईत भलतेच बटण दाबले आणि ती चूक दुरुस्त करण्यात ज्याची ही एकमेव संधी खर्ची पडली, त्याने उर्वरित आत्मशोध पुढील जन्मावर टाकावा, हे पुनर्जन्मावर श्रद्धा ठेवणाऱ्या देशाला शोभेसेच आहे. मतदार यादीत ‘इतर’ हा रकाना २००९ साली आला. आयकर खात्याच्या पॅनच्या अर्जात तृतीयपंथीयांचा स्वतंत्र रकाना मात्र एप्रिल २०१८ मध्ये उघडला. मताची निकड कराच्या आधी लागते, एवढाच बोध यातून घ्यावा. मधल्या काळात आधार व पॅन यांची जोडणी करा असे फर्मान सुटले. आधारवर तिसरी नोंद, पॅनवर पहिल्या दोहोंपैकी एक, असा प्रकार ज्यांचा होता, त्यांचे दोन कागद एकमेकांना ओळख देईनात. एकाच सरकारच्या दोन खात्यांत बोलणे नसले म्हणजे त्याची झळ नागरिकाने सोसावयाची, ही रीत एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना नव्याने सांगावयास नको.

पण या यात्रेतले सर्वांत अवघड ठाणे शाळा हेच होय. महाराष्ट्रातील प्रत्येक मनुष्याचे आदिरूप शाळेच्या जनरल रजिस्टरात वास करते. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नोकरीतले सेवापुस्तक ही सारी त्या आदिरूपाची पुढली रूपे. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत उघड लेखनदोष असेल तरच बदल करावा, असा माध्यमिक शाळा संहितेचा दंडक आहे. तेव्हा आपले पूर्वायुष्य हा एक लेखनदोष होता असे अर्जदाराने मुख्याध्यापकांना पटवून दिले, तर काम होण्यासारखे असते. शिधापत्रिकेची तऱ्हा निराळी. तेथे नाव कमी करावयाचे तर कुटुंबप्रमुखाची सही हवी. आणि ज्या कुटुंबप्रमुखाने लेकराला घराबाहेर काढून दार लावून घेतले, त्याच्याच दाराशी जाऊन सही मागावी, असा कौटुंबिक सलोख्याचा मार्ग दफ्तर सुचवते. नावातल्या मधल्या शब्दाचेही तेच. बापाने टाकले आणि गुरूने पोसले, तरी मधले नाव बापाचेच. संन्याशांना पारपत्रावर आईबापांऐवजी गुरूचे नाव देण्याची सवलत परराष्ट्र खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केली. परंतु ज्यांच्या घराण्यात गुरुचेला हेच नाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांचा उल्लेख त्या घोषणेत नव्हता, कारण त्यांनी संसार सोडलेला नसून संसाराने त्यांना सोडलेले असते.

आता दफ्तराचा मुख्य युक्तिवाद ऐकला पाहिजे. नाव बदलणे इतके सोपे केले तर लबाड लोक नावे बदलून सरकारला आणि बँकांना फसवतील, असे ते म्हणते, आणि सावधगिरी हा दोष नव्हे हे आम्हीही मान्य करतो. फक्त नम्रपणे एवढेच निदर्शनास आणावेसे वाटते की कोट्यवधींची कर्जे बुडवून जे महाभाग परदेशी निघून गेले, त्यांनी जाताना नाव बदलले नव्हते. त्यांचे सर्व कागद आपापसांत तंतोतंत जुळत होते. दुसरा युक्तिवाद संगणकाचा: ‘सिस्टीम घेत नाही.’ पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात तिसरा रकाना नव्हता, तेव्हा तो उघडण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारची कानउघाडणी करावी लागली. रकाना उघडला, आणि यंत्राला काहीही झाले नाही.

दफ्तर पूर्वीपासून इतके चिकित्सक होते काय, असे कोणी विचारील. इतिहास निराळी साक्ष देतो. मराठी राज्यात दख्खनमधल्या हिजड्यांचे काही गावांत जमिनीचे व रोख रकमेचे हक्क चालत, आणि ते दफ्तरात नोंदलेले असत; पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने ते हक्क वारसांकडे चालू ठेवण्याचे नाकारले. उत्तर हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर त्यांची नावे व पत्ते लिहिण्यासाठी खास नोंदवही उघडली, आणि नोंद झालेला इसम स्त्रीवेषात रस्त्यावर दिसल्यास त्याला वॉरंटावाचून पकडण्याची मुभा दिली. त्या काळी प्रतिज्ञापत्र लागत नव्हते, वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला लागत नव्हता. सरकारला संशय आला की पुरेसे होते. मनुष्याला शिक्षा करावयाची असली म्हणजे त्याची ओळख सरकारला एका नजरेत पटते, आणि त्याला हक्क द्यावयाचा झाला म्हणजे अंधुक दिसू लागते, हा दृष्टिदोष दीडशे वर्षांत बरा झालेला नाही.

आणि नावे बदलण्याचे वावडे आपल्या समाजाला कधी होते? लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने दोन अक्षरे कोरून आपण पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या लोकसंख्येचे नाव, मधले नाव व आडनाव एका दमात बदलत आलो, आणि त्या तांदळांना कोणी राजपत्र मागितले नाही. दत्तक गेलेल्या मुलाचे बापासकट नाव बदलते; गजानन रंगनाथ शिरवाडकर हे विष्णु वामन झाले आणि पुढे कुसुमाग्रज झाले, तरी मराठी वाचकाची त्यांच्या ओळखीविषयी गफलत झाली नाही. १९९५ साली शासनाने बॉम्बेची मुंबई केली, तेव्हा शहराकडे शाळा सोडल्याचा दाखला मागण्यात आला नाही. ज्या उच्च न्यायालयात नावांचे तंटे तुटतात, त्याच्या इंग्रजी नावात तर अजून बॉम्बेच नांदत आहे, आणि म्हणून त्याचे निकाल कोणी परत पाठवत नाही. नारायण श्रीपाद राजहंस हे बालगंधर्व होऊन रंगभूमीवर आले, तेव्हा घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याची व दागिन्यांची नक्कल करीत, आणि १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ते अर्थात सोंग होते, आणि सोंग संपल्यावर ते नारायणराव होऊन घरी जात. सोंगाला आपण टाळ्या दिल्या. जे सोंग टाकून खऱ्या रूपात जगू म्हणतात, त्यांच्याकडे आपण दाखला मागतो.

दफ्तराची वकिली करण्यास निघालेल्या आमच्याजवळ युक्तिवाद संपले, हे येथे नमूद करणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४०,८९१ लोकांची नोंद स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ या रकान्यात झाली. त्यांतल्या प्रत्येकाने खात्याखात्यांतून एकच कागद वाहून न्यावा आणि प्रत्येक खिडकीवर आपला जन्म पुन्हा सिद्ध करावा, यात सरकारचा काही फायदा झाल्याचे आढळत नाही. एका कार्यालयाने दिलेले प्रमाणपत्र बाकीच्या कार्यालयांनी आपसांत मागवून घ्यावे, आणि पंधरा दिवसांत कागद बदलला नाही तर तो का बदलला नाही याचा खुलासा अर्जदाराऐवजी अधिकाऱ्याकडून घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, असलेले नियम वाचले तरी पुरे. तोवर वाचकांस एवढीच विनंती की खिडकीपुढच्या रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या इसमाला वेळ लागत असेल, तर त्याच्यावर खेकसू नका; खोळंबा त्याने केलेला नाही.