पॉइंट वनचा मान

महसूल आयुक्तालय नांदेडला असावं की लातूरला, हा वाद २००९ साली पेटला तेव्हापासून आमच्या घरी सणाच्या जेवणाला दोन पंगती बसतात. मी नांदेडचा, साडू लातूरचे. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून तटस्थ. म्हणजे दोघांच्याही विरोधात. अशा घरात कॉम्प्युटरचे दोन स्पीकर नांदेडचे आणि वूफर लातूरचा, असा संसार मांडायचं माझ्या नशिबी आलं.

वूफर लातुरातून हद्दपार झाला होता. साडूंच्या होम थिएटरचा मेन डबा जळाला, वूफर तेवढा वाचला. वाजत होता तेव्हा शोकेसच्या काचा थरथरायच्या आणि साडूंच्या आई हातातलं काम टाकून थेट अंगणात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना काच वाजली की गाणं कुठलं ते सुचत नाही, दार कुठं ते सुचतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. "ह्यो डबा तरी ऱ्हाईल, न्हाई तर मी तरी," असं त्यांनी सांगून टाकलं. मग वूफर चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडात उतरला. कंडक्टरनं त्याचं लगेजचं तिकीट फाडलं.

"जोडा की दाजी, दोन तर वायरी हाईत."

दोनच वायरी होत्या, तेच तर दुखणं. वूफरच्या जाती दोन. एकाच्या पोटात अॅम्प्लिफायर असतो. त्याला भिंतीत खुपसायची पिन असते आणि कॉम्प्युटरची बारीक वायर चालते. दुसऱ्याच्या पोटात नुसता पडदा आणि चुंबक. त्याला ताकद बाहेरून लागते. आमच्या वूफरची ताकद मेन डब्यात होती, आणि मेन डबा लातूरच्या भंगारात. कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून जे निघतं त्यावर हेडफोन गातो, वूफर कूससुद्धा बदलत नाही. साडूंचं निदान मात्र वेगळं: नांदेडच्या करंटमध्येच दम नाही.

वजिराबादेतल्या मेकॅनिकनं ४४४० चा बोर्ड काढला. रिपेअरिंगवाल्यांची आख्खी पिढी या आयसीवर जगली. एलए ४४४०, मूळची जपानच्या सान्योची, गाडीतल्या टेपसाठी बनवलेली. तिचे दोन्ही भाग एकत्र जोडले की १९ वॅट देते. साडूंच्या जुन्या खोक्यावर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढं हजारावरचा आकडा होता.

"एकोणीस? लातूरला हजार देत होता की ओ!"

"काका, ते खोक्यावरचे वॅट," मेकॅनिक म्हणाला, "हे वायरीतले."

पुढचं सोपं होतं. हिरव्या भोकात एकाचे दोन करणारी पिन. एक फाटा स्पीकरला, दुसरा फिल्टरमधून बोर्डाला. फिल्टर जाड आवाज तेवढा आत सोडतो, बाकीच्याला दारातूनच परत लावतो.

बटण दाबलं. गाणं लावायच्या आधीच वूफर बोलायला लागला: हूंऽऽऽ.

"बगा, आवाज येऊलालाय!" साडू खूश.

तो आवाज विजेचा होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, आणि ५० हर्ट्झ हे वूफरच्या अगदी आवडीचं खाद्य. कॉम्प्युटरचं अर्थिंग एका भिंतीतून, बोर्डाचं दुसऱ्या भिंतीतून. मधल्या वायरीनं दोघांचा फेरा पुरा झाला की त्यात घरघर फिरत राहते. दोन्ही पिना एकाच सॉकेटपट्टीवर आणल्या आणि हूं थांबला. साडूंना जरा वाईटच वाटलं.

मग मानापमान सुरू झाला. अशा संचाला टू पॉइंट वन म्हणतात. "तुमचे दोन पूर्णांक आणि आमचा पॉइंट वन? वजन तर आमचंच जास्त!" मी सांगितलं, माणसाचा कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यातले पहिले शे-दीडशे वूफरच्या वाट्याला, पॉइंट वन हीसुद्धा मेहरबानीच. माहूरच्या गोंधळ्याच्या संबळातही एक अंग बारीक बोलतं आणि एक जाड, पण तिथं कुणी पूर्णांक मोजत नाही. साडूंनी ऐकून घेतलं आणि वूफरचा व्हॉल्यूम वाढवला.

वाढवूनही जाड आवाज पोकळच यायला लागला. वायरी उलट्या होत्या. स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा वूफरचा मागं जातो, आणि दोघांची हद्द जिथं मिळते तिथं ते एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. "मराठवाड्याचं असंच झालंय," साडू म्हणाले. या एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं.

वायरी सुलट केल्या, आणि त्याचा पहिला पुरावा शेजारून आला. ५० हर्ट्झची लाट साधारण २२ फूट लांब असते. आमची खोली दहा बाय बारा. उरलेली लाट शेजाऱ्यांकडं मुक्कामाला. शब्द बिचारे नाजूक, ते भिंतीलाच अडतात. त्यात स्पीकरवरचं बटण कमी केलं तरी वूफरला त्याची खबर नसते, कारण त्याचा फाटाच वेगळा. आवाज कमी करायचा तर कॉम्प्युटरातूनच. शेजारचे निवृत्त तलाठी फार सभ्य गृहस्थ. दारात येऊन एवढंच म्हणाले, "गाण्याचे बोल तेवढे कळवत जा, ठेका आमच्याकडं पोचतो."

नीट बसवलेला वूफर आहे हे कळतच नाही. बंद केला की कळतं. ८० हर्ट्झच्या आसपास कापलेला आवाज कुठून येतो, हे कानाला सांगता येत नाही. पण आपल्याकडं न कळणाऱ्या वस्तूवर पैसे घातले, असं कोण कबूल करणार? साडू अजूनही नांदेडला आले की बूट काढायच्या आधी वूफरवर तळहात ठेवून बघतात.

तुम्हाला कुणी पाव्हणा फुकट वूफर द्यायला निघाला तर आधी त्याची पाठ बघा. भिंतीत खुपसायची पिन असेल तर डोळे मिटून घ्या. नुसत्या दोन वायरी लोंबत असतील, तर पाव्हण्याला चहा पाजा आणि वूफर त्याच्याच एसटीनं परत पाठवा.