नेहमीचाच

एखादा माणूस पासवर्ड विसरला, की आपण त्याला किती ओळखतो हे सिद्ध करण्याची घरातल्या बाकी सगळ्यांना हुक्की येते. आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, लॅपटॉप यंदा माळ्यावरून खाली उतरला तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. निमित्त कुलवृत्तांताचं होतं. नवी आवृत्ती निघणार होती आणि आमच्या शाखेची वंशावळ अण्णांनी निवृत्तीनंतर मोठ्या निगुतीनं त्या लॅपटॉपवर टाइप करून ठेवली होती. पासवर्ड तेवढा आठवत नव्हता. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. "मी विसरलेलो नाही. तो विसरलाय."

मग एकेक जण पुढे सरसावला. नातवानं स्वतःचं नाव टाकून पाहिलं, पुढे एक-दोन-तीन लावूनही पाहिलं. माझ्या नवऱ्यानं अण्णांच्या जुन्या चेतक स्कूटरचा नंबर टाकला, कारण अण्णांचं जगात खरं प्रेम तिच्यावरच होतं असा त्याचा लहानपणापासूनचा सिद्धांत आहे. मी कुलदैवताकडून सुरुवात केली. सगळ्यात शेवटी, आम्ही चहाला उठलो असताना, माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, इकडेतिकडे बघून एका बोटानं हळूहळू स्वतःचं माहेरचं नाव टाइप केलं. दार उघडलं नाही. "मला काय, सहज बघितलं," म्हणत त्या कुकर लावायला गेल्या. पण त्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त पडलं होतं.

नातवाच्या एक-दोन-तीनला हसण्यात अर्थ नाही. 2009 साली अमेरिकेतल्या रॉकयू नावाच्या कंपनीचे 3 कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा त्यांत सर्वांत लोकप्रिय ठरला तो एक ते सहा हे आकडे ओळीनं लिहिलेला. अण्णा पाटबंधारे खात्यातले. त्यांच्या हातून इतकं ढिसाळ काम होणं शक्य नव्हतं.

विंडोज 7 मध्ये एक माणुसकीची सोय होती. पासवर्ड चुकला की आपणच पूर्वी लिहून ठेवलेली खूण पडद्यावर दिसायची. आम्ही आशेनं वाचली. अण्णांनी रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'नेहमीचाच'.

यावर घरात बराच वेळ कोणी कोणाशी बोललं नाही.

अण्णांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. संगणकाला पासवर्ड लावण्याची कल्पना ज्यांच्या नावावर जमा आहे, ते एमआयटीचे फर्नांडो कॉर्बातो. 1961च्या सुमाराला तिथं एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था त्यांनी उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे नेमून दिलेले चार तास पुरेनात. त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून द्यायची विनंती यंत्राकडेच केली आणि यंत्रानं ती इमानेइतबारे छापून दिली. थोडक्यात, पासवर्ड आला त्याच्या पाठोपाठ पासवर्डची चोरीही आली. खुद्द कॉर्बातोंनी म्हातारपणी, 2014 साली, हे प्रकरण आता भयंकर त्रासाचं झाल्याची आणि आपणही पासवर्डची टाइप केलेली यादी बाळगत असल्याची कबुली दिली. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हुशार माणूस दिसतोय."

अखेर शेजारची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी एक पेनड्राइव्ह घेऊन आली. तिनं तो खुपसला, लॅपटॉप विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू केला आणि चहा निवायच्या आत अण्णांची सगळी फोल्डरं पडद्यावर मांडली. पासवर्ड कोणी विचारलासुद्धा नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. वाड्याचा दिंडी दरवाजा अडसर घालून रोज बंद करावा आणि परसातली भिंत कधीच पडली होती हे कोणीतरी नंतर सांगावं, तसं त्यांचं झालं.

त्या मुलीनं समजावलं. जुन्या लॅपटॉपात पासवर्ड फक्त विंडोजचं दार राखायचा. आतली डिस्क उघडीच असायची. आताच्या नव्या लॅपटॉपांत बहुधा डिस्कच कूटबद्ध असते. तिथं पासवर्ड गेला आणि 48 आकडी रिकव्हरी की सापडली नाही, तर माहिती गेली ती गेलीच. आणि पासवर्ड यंत्राकडूनही काढून घेता येत नाही, कारण यंत्र तो साठवतच नाही. त्याच्यावर गणित करून आलेलं उत्तर तेवढं जपून ठेवतं, आणि त्या उत्तरावरून मूळ शब्दाकडे उलटं जाता येत नाही.

"म्हणजे त्यालाही ठाऊक नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही आजोबा."

"मग मला कशाला विचारत होता इतका वेळ?"

याचं उत्तर अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नसावं.

दार उघडलं, पण वंशावळ काही वाचता येईना. फाइल उघडली तर मूळ पुरुषाच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा आणि मधूनच एखादं उद्गारचिन्ह. ही गंमत मराठीत टाइप केलेलं जुनं काही ज्यांनी जपलं आहे त्यांना सांगायला नको. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटांच्या जमान्यात फाइलमध्ये देवनागरी साठवलेलीच नसायची. साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा साज चढवायचा. फाँट नसला की साज उतरतो आणि आपले पणजोबा डॉलरचं चिन्ह होऊन बसतात. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालीच आली होती, पण आपल्या छापखान्यांत, कचेऱ्यांत आणि अण्णांकडे ती रुळायला फार वर्षं लागली. माझ्या मते महाराष्ट्रात पासवर्ड विसरून जेवढं वाया गेलं नसेल, त्याहून जास्त या फाँटांच्या पायी अडकून पडलं आहे. या कुलपाला तर कोणी कुलूपही म्हणत नाही.

सुदैवानं असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. थोडे रफार इकडचे तिकडे झाले, एक काकू वंशावळीत पुरुष झाल्या, पण घराणं परत मिळालं.

बाकीच्या फायलींत काय होतं? सोसायटीच्या सचिवांना पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलेली खरमरीत पत्रं, त्यांतली बरीचशी न पाठवलेली. वीजबिलांचा तक्ता. एका निवृत्तिसमारंभाचं भाषण. चोरानं पेनड्राइव्ह घरचा आणून, फुकट वेळ घालवून न्यावं असं काही नव्हतं. "यासाठी पासवर्ड?" नवरा हसला. माईही हसल्या.

मला हसू आलं नाही. अण्णा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाढले. सात भावंडांत एक ट्रंक. घरी आलेलं पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचायचा, मग दारात उभा असेल तो मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याच्या नावानं आलं त्याला शेवटी मिळायचं. लग्नानंतर गोदरेजचं कपाट आलं, त्याची किल्ली माईंच्या कमरेला गेली. पगार घरात, पासबुक घरात, डायरी म्हणावी तर तिच्यात दूधवाल्याचा हिशेब. माणसाला एकट्याचं म्हणून काही असतं, त्याला आपल्यापुरती कडी घालता येते, ही सोय या गृहस्थाला साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा मिळाली, आणि ती एका यंत्रानं दिली. आत न पाठवलेली पत्रं असली म्हणून काय झालं? न पाठवलेलं पत्र हीच तर खरी खाजगी वस्तू. आम्ही ती कडी पेनड्राइव्हनं काढली आणि वर टाळ्या वाजवल्या.

आता त्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. विंडोज 7चा आधार जानेवारी 2020मध्येच संपला, त्यामुळे त्या मुलीनं जुनी खोली मोडून नवी बांधली. नवा पासवर्ड ठेवताना अण्णांनी आम्हां सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तो काय आहे ते माईंनाही माहीत नाही, निदान त्या तसं म्हणतात.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा आणि त्यात चिन्हं कोंबायची हा आग्रह सोडा. ज्या बिल बर यांनी 2003 साली अमेरिकी सरकारसाठी हा सल्ला लिहिला, त्यांनाच 2017 साली त्याचा पश्चात्ताप झाला. एक लांबलचक, आपल्याला आठवेल असं वाक्य घ्या आणि वहीत लिहून ठेवा. ब्रूस श्नायर यांच्यासारखा सुरक्षातज्ज्ञसुद्धा कागदावर लिहून पाकिटात ठेवा म्हणतो. वही कुठे आहे ते घरातल्या एकाला सांगून ठेवा. आमच्या अण्णांना मात्र हे सांगायला कृपा करून येऊ नका.