ओवाळणीत टाटा पॉवर

दिवाळीच्या पाडव्याला मुळशी धरणाजवळच्या माले गावच्या एका नवऱ्याने तबकात साडीऐवजी टाटा पॉवरचे पाच शेअर घातले. म्हणजे मोबाइलच दाखवला. डीमॅटला कुंकू लावणार कुठे?

सासूबाई म्हणाल्या, "हे तेच ना, धरणवाले?"

तेच. 1921 साली त्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, भातखाचरं पाण्यात गेली. ते पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज मुंबईला जाते. पणजोबांच्या बुडालेल्या जमिनीचा चिमूटभर वाटा आता पणतसुनेच्या नावावर आला, तोही बाजारभावाने विकत घेऊन! वर आयकराचा आहेर वेगळा: बायकोला भेट दिलेल्या शेअरचा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

सूनबाईंनी निरांजन खाली ठेवलं. "बरं, साडी कधी?"