मधले चार हात

शाळेत शिकलेली लेझीम मला अजून येते. झोपेतून उठवून ‘चार आवाज’ म्हणा, हात आपोआप फिरतात. याच भांडवलावर सोसायटीच्या विसर्जन मिरवणुकीत नाव दिलं. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये लेझीम गाजली, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी कुणाकुणाच्या चुका काढल्या होत्या, हेही तालमीआधी सर्वांना ऐकवलं.

पण शिकवणारी कॉलेजातली मुलगी ‘पवित्रा’, ‘दोन रुख’ असलं ओळखीचं काही घेईना. तिनं सहा नवे हात बसवले होते. “काका, एकदा बघून घ्या.” घेतले. पहिला पक्का, शेवटचाही पक्का. मधले चार कुठे गेले ते गणपतीलाच ठाऊक!

घरी येऊन वाचलं, तर मानसशास्त्रानं माझ्यासाठी सबब आधीच तयार ठेवलेली. तात्पुरत्या स्मृतीत साधारण सात गोष्टी मावतात, असं जॉर्ज मिलरनं १९५६ साली मांडलं. पण आकडे मनात घोकता येतात. बिननावाच्या हालचाली घोकणार कशा? त्यात वयाबरोबर ही जागा आक्रसते. यादीतलं मधलं गळणं तर तरुणांनाही चुकत नाही. शिवाय मुलगी समोर तोंड करून उभी. तिचा डावा तो माझा उजवा, हे उलटवेपर्यंत पुढचा हात होऊन गेलेला.

तालमीला सोबत आलेली सौ. नुसती बघत बसली नाही. ओट्यापाशी लाटणं घेऊन तिनं एकेक हात करून पाहिला, नावंही ठेवली: ‘जाळं काढ’, ‘पडदा सार’, ‘डबा उतरव’. पाहण्यापेक्षा केलेली हालचाल म्हाताऱ्यांच्याही जास्त लक्षात राहते, हे संशोधकांनाही दिसलंय. मी लाटणं धरायला साफ नकार दिला. लेझीमपटूची काही इभ्रत असते.

मिरवणुकीत तिसऱ्या हाताला पाटी कोरी. थांबणार कसं? शाळेतलं ‘मागे झुक’ घातलं, गिरकी घेतली, लेझीम डोक्यावरून फिरवली आणि चेअरमनसाहेबांची टोपी उडाली. वळून पाहतो तर ज्येष्ठांची अख्खी रांग तेच करतेय. मंडळी पहिल्यापासून माझंच बघून नाचत होती! ताशेवाल्याला चेव चढला. गच्च्यांवरून टाळ्या.

विसर्जनानंतर सेक्रेटरी खिरापत घेऊन धावत आले. “काका, तो तिसरा हात पुढच्या वर्षी सगळ्यांना शिकवायचा. आत्ताच दाखवा, मोबाइलवर घेतो.”

मी लेझीम वर उचलली. ती वरच राहिली.

“लाटणं आणू का?” सौ. म्हणाली.